पहिलं घरगुती इलेक्ट्रॉनिक वाद्य: थेरेमिन नको, पट्टी बनवा

प्रश्न असा आलाय की हार्मोनियम बऱ्यापैकी वाजवता येते, सोल्डरिंग जमतं, मल्टीमीटर घरात आहे, आता स्वतःच्या हाताने एखादं इलेक्ट्रॉनिक वाद्य बनवायचंय, तर थेरेमिनचं किट मागवू की आर्डुइनो (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) घेऊन बसू, आणि बनवलेली वस्तू चार दिवसांत कपाटावर धूळ खात पडू नये म्हणून काय करू. माझं उत्तर, सध्या दोन्ही नको, बोट सरकवून वाजवायची पट्टी बनवा. गेली बरीच वर्षं मी हेच उद्योग करतोय, लोकांना शिकवतोही, त्यावरून सांगतो.

आधी थेरेमिन, म्हणजे स्पर्श न करता अँटेनाजवळ हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य. लिओन थेरेमिन नावाच्या रशियन माणसाने १९२० च्या सुमारास ते शोधलं, आणि कल्पना खरंच भारी आहे. काही शे किलोहर्ट्झवर चालणारे दोन ऑसिलेटर, म्हणजे सतत कंपनं तयार करणारी सर्किटं, दोन्ही कानाला ऐकूच येत नाहीत, एक स्थिर, दुसरा तुमचा हात अँटेनाच्या जवळ-लांब गेला की किंचित हलणारा, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त दोघांमधला फरक. पण हाताने होणारा बदल असतो जेमतेम एखाद-दुसऱ्या पिकोफॅरडचा, त्यामुळे खोली तापली, कुणी शेजारून गेलं, तुम्ही खुर्चीत मागे रेललात, की सूर सरकला. शिवाय बोटाला टेकायला काहीच नाही, हवेत गंधार शोधायचा. रॉबर्ट मूग सिंथेसायझर बनवायच्या आधी १९५० च्या दशकात थेरेमिनची किटंच विकायचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स शिकायला ते उत्तम आहे यात वाद नाही, पण वाजवायला म्हणून पहिलं वाद्य ते नको. (आणि बाजारात एलडीआर, म्हणजे उजेडाने रजिस्टन्स बदलणारा भाग, लावून ‘लाइट थेरेमिन’ म्हणून जे मिळतं ते थेरेमिन नाही, तो एक साधा ऑसिलेटर आहे. वाईट नाही, पण ते नाही.)

आता माझा मुख्य मुद्दा. आवाज काढणारं सर्किट ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. एक आयसी, एक रजिस्टन्स, एक कंडेन्सर, झाला आवाज. लोक तिथे महिनोन्महिने अडकतात, अजून एक फिल्टर, अजून एक एलएफओ (आवाज संथपणे हलवणारा ऑसिलेटर), आणि हात कुठे लागणार हा विचार सगळ्यात शेवटी, मग डबीवर पाच-सहा नॉब बसवतात आणि नॉब फिरवून कुणी यमन वाजवत नाही. तुम्ही हार्मोनियमवाले आहात, तुमच्याकडे दोन गोष्टी तयार आहेत: उजव्या हाताला सुराची जागा माहीत आहे आणि डाव्या हाताला भाता मारायची, म्हणजे आवाज लहानमोठा करायची सवय आहे. वाद्य या दोन हातांभोवती बांधा. आणि पेटीत जे नाही, मींड, ते उजव्या हाताला द्या.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९२८ मध्ये फ्रान्समध्ये मॉरिस मार्तनो यांनी ओंद मार्तनो लोकांसमोर आणलं, ते स्वतः चेलो वाजवायचे. त्यात उजव्या हाताच्या बोटात तारेला जोडलेली अंगठी, ती सरकवली की सूर सरकतो, आणि डावा हात एका छोट्या बटणावर, जितकं दाबाल तितका आवाज. दोन वर्षांनी जर्मनीत फ्रीडरिश ट्राउटवाइन यांनी ट्राउटोनियम बनवलं, त्यात कीबोर्डच नाही, धातूच्या पट्टीवर ताणलेली रजिस्टन्स वायर, ती बोटाने जिथे दाबाल तिथला सूर. कीबोर्ड चिकटवण्याआधीची ही वाद्यं बघा, आपल्या संगीताला ती जास्त जवळची आहेत.

तर करायचं काय. सीडी४०१०६ नावाची आयसी आणा. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, कुठेही मिळते. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर असतात, म्हणजे इनपुट ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की आउटपुट उलटवणारे भाग. १४ नंबरच्या पायाला प्लस, ७ नंबरला ग्राउंड. पहिला इन्व्हर्टर म्हणजे १ नंबर इनपुट, २ नंबर आउटपुट. २ पासून १ ला एक रजिस्टन्स, १ पासून ग्राउंडला एक कंडेन्सर, बस, ऑसिलेटर तयार. कंडेन्सर भरतो, वरची मर्यादा गाठली की आउटपुट उलटतं, मग तो रिकामा व्हायला लागतो, खालची मर्यादा गाठली की परत उलटतं, हेच चालू राहतं. फ्रिक्वेन्सी साधारण १.२ भागिले आरसी (रजिस्टन्स गुणिले कंडेन्सर), म्हणजे १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडला सुमारे १२० हर्ट्झ. साधारणच म्हणतोय, कारण त्या वरच्या-खालच्या मर्यादा प्रत्येक आयसीत थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे कागदावर काटेकोर हिशेब करून सूर जुळणार नाही, कानानेच जुळवायचा.

न वापरलेले इनपुट पाय उघडे ठेवू नका, ग्राउंडला जोडा, नाहीतर ते हवेतून काहीबाही पकडून बाकीच्या आवाजात गोंधळ घालतात. दुकानदार कधीकधी ‘तेच आहे’ म्हणून ७४एचसी१४ देतो, पाय तेच असतात पण ती ६ व्होल्टपर्यंतच चालते, ९ व्होल्टला जाते. आयसी बेस लावाच, आयसी थेट झिरो पीसीबीवर सोल्डर करू नका. आणि कंडेन्सर सिरॅमिक डिस्कवाला नको, तो तापमानाने सरकतो, पॉलिस्टरवाला मागा, आकाराने मोठा असतो पण सूर धरून ठेवतो.

आता पट्टी. या सर्किटमध्ये फ्रिक्वेन्सी रजिस्टन्सच्या व्यस्त प्रमाणात असते. रजिस्टन्स अर्धा, सूर दुप्पट. तारेचं काय असतं? लांबी अर्धी, सूर दुप्पट. म्हणजे तुम्ही त्या रजिस्टन्सच्या जागी एकसारख्या रजिस्टन्सची लांब पट्टी लावली आणि बोट जिथे टेकेल तिथपर्यंतचाच भाग सर्किटमध्ये येईल असं केलं, तर त्या पट्टीवर सुरांच्या जागा हुबेहूब तारेवरच्या जागांसारख्या पडतात! कुठला प्रोग्राम नाही, कुठलं गणिती टेबल नाही. ६० सेंटिमीटरची पट्टी घ्या, पूर्ण ६० ला सा, मग ५३.३ ला रे, ४८ ला ग, ४५ ला म, ४० ला प, ३६ ला ध, ३२ ला नी आणि ३० ला तार सा. हे सगळे शुद्ध गुणोत्तरातले स्वर आहेत, पेटीतले टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले, नाहीत. तुमच्या पेटीचा गंधार या ४८ वरच्या गंधारापेक्षा १४ सेंट (पेटीतल्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा आहे, पहिल्यांदा पट्टीवर वाजवाल तेव्हा तुम्हालाच तो उतरल्यासारखा वाटेल, दोन दिवस द्या कानाला, मग पेटीचाच खटकायला लागतो. (घरच्यांसमोर पेटीला नावं ठेवू नका मात्र, मी तो वाद इथे काढत नाही.)

पट्टी बनवायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे जाड ड्रॉइंग पेपर आणि ६बी पेन्सिल. ग्रॅफाइटमधून वीज जाते. एक-दीड सेंटिमीटर रुंद पट्टा घोटून घोटून काळा करा, चकचकीत होईपर्यंत, मग मल्टीमीटरचं एक टोक एका बाजूला धरून दर पाच सेंटिमीटरला रीडिंग घ्या. आकडे सारख्या टप्प्याने वाढायला हवेत, जिथे उडी जास्त तिथे अजून घोटा. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू, पण वाद्याचा सगळा सुरेलपणा इथे ठरतो, त्यामुळे एक संध्याकाळ यात घालवा. पट्टीच्या वर दोन-तीन मिलिमीटर अंतरावर गिटारची किंवा सतारीची स्टीलची तार ताणून बसवा, दोन्ही बाजूंना लाकडाचा छोटा तुकडा घोडीसारखा. पट्टीचं एक टोक आयसीच्या १ नंबरला, तार २ नंबरला. तार दाबली की ती ग्रॅफाइटला टेकते आणि वाजते, बोट उचललं की आवाज बंद. बोट घसरवलं की मींड, जागेवर हलवलं की आंदोलन. पहिल्यांदा दरबारीचा गंधार त्यावर हलला की काय ते कळेल तुम्हाला.

सा जुळवायचा तो कंडेन्सरने. पूर्ण पट्टीचा रजिस्टन्स मोजा, समजा ४० किलोओहम आला आणि तुम्हाला काळी एक हवी आहे, म्हणजे सुमारे १३८ हर्ट्झ, तर ०.२२ मायक्रोफॅरड लावा, जवळपास पोचाल. मग बारीक जुळवणी म्हणून त्याच्या शेजारी छोटे कंडेन्सर पॅरलल जोडत जा, एक टक्का वाढवलं की सूर साधारण १७ सेंट उतरतो. इथे एक मोह होतो, पट्टीच्या सिरीजमध्ये एक पॉट (नॉब फिरवून बदलता येणारा रजिस्टन्स) टाकून सूर जुळवायचा. तसं करू नका. तो जादाचा रजिस्टन्स म्हणजे तारेला मागच्या बाजूने जोडलेली न दिसणारी लांबी, सा जुळतो पण बाकीच्या सगळ्या जागा सरकतात, ४० वर पंचम राहत नाही.

ग्रॅफाइट झिजतं, तारेखाली पांढऱ्या रेघा पडायला लागतात, तेव्हा परत घोटायचं. हात बसला आणि वाद्य आवडलं की मग मेंब्रेनवाली तयार सॉफ्टपॉट पट्टी घ्या, ती महाग असते पण एकसारखी असते. तिचा रजिस्टन्स साधारण १० किलोओहम असतो, म्हणून कंडेन्सर १ मायक्रोफॅरडच्या आसपास लागेल, आणि तो इलेक्ट्रोलिटिक नको. पण सुरुवात पेन्सिलनेच करा, कारण पट्टी किती लांब हवी, सरळ हवी की वाकडी, मांडीवर की टेबलावर, हे कागदावर दहा वेळा बदलता येतं.

आता आवाजाच्या पोताबद्दल, कारण इथे लोक नाराज होतात. ४०१०६ मधून निघते ती चौकोनी लाट, तिच्यात जवळजवळ फक्त विषम हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, पहिला, तिसरा, पाचवा, त्यामुळे आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगाने जाणारा. आपल्याला सवय जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या झंकाराची, जिच्यात सगळे हार्मोनिक्स भरगच्च. उपाय सोपा आहे, लाट चौकोनी न ठेवता अरुंद करायची. मुख्य रजिस्टन्सला पॅरलल एक १एन४१४८ डायोड आणि त्याच्या सिरीजमध्ये चार-पाच किलोओहमचा रजिस्टन्स. आता कंडेन्सर एका दिशेने झटकन आणि दुसऱ्या दिशेने सावकाश जातो, पल्स अरुंद होते, सम हार्मोनिक्सही येतात, आवाजाला धार येते. सूर मात्र जवळजवळ सप्तकभर वर जाईल, मग कंडेन्सर दुप्पट करा. हे पट्टीच्या ऑसिलेटरवर करू नका, तिथे जागांचं गणित बिघडतं, पण मागे षड्ज-पंचम धरायला वेगळा ऑसिलेटर केलात तर त्याच्यावर जरूर करा.

आणि तो करावाच, कारण सुरावटीला मागे आधार नसला की पट्टीवर बोट भरकटतं. दुसरी ४०१०६ घ्या, एक ऑसिलेटर सा ला, एक प ला, पॉट लावून. इथे एक गंमत आहे जी मला पुस्तकी माहितीपेक्षा कानानेच आधी कळली. चौकोनी लाटांवर सा-प जुळवायला गेलात तर जुळलंय की नाही ते नीट कळतच नाही. कारण पंचम जुळल्याची खूण म्हणजे सा चा तिसरा हार्मोनिक आणि प चा दुसरा एकमेकांवर बसणं, थोडं चुकलं की तिथे लहरी ऐकू येतात, आणि चौकोनी लाटेत दुसरा हार्मोनिक नसतोच! लाटा अरुंद केल्या की लगेच लहरी स्पष्ट होतात आणि पंचम तानपुऱ्यासारखा ‘लागतो’. स्वयंभू गंधारही तसाच शोधा, तो सा चा पाचवा हार्मोनिक, चांगल्या स्पीकरवर ऐकू येतो.

अजून एक. एकाच आयसीतले दोन ऑसिलेटर सुरात जवळ आले की एकमेकांना धरून बसतात, त्यांची पॉवर एकच असल्यामुळे एकाचा झटका दुसऱ्याला लागतो. काहींना ते आवडतं कारण पंचम आपोआप चिकटतो. मला नाही आवडत, आवाज मेल्यासारखा स्थिर होतो, तानपुऱ्यातली ती संथ हालचाल जाते. हालचाल हवी असेल तर सा आणि प वेगवेगळ्या आयसीवर ठेवा, आणि प्रत्येक आयसीच्या पॉवरच्या पायाशी अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरड लावा. उलट मुद्दाम गोंधळ हवा असेल, प्रयोगच करायचा असेल, तर सहाही ऑसिलेटर एकाच आयसीत घ्या आणि प्लसच्या वायरमध्ये एक-दोन किलोओहमचा पॉट टाकून आयसीला उपाशी ठेवा. सगळे एकमेकांना ओढायला लागतात, कुरकुर, चिवचिव, मध्येच एखादी लय. तासभर कुठे जातो कळत नाही. खर्जाचा सा हवा असेल तर सीडी४०४०, तिच्यात एक ऑसिलेटर सोडला की एकेक सप्तक खालचे तंतोतंत सूर वेगवेगळ्या पायांवर मिळतात. बाकी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्याकडे बंगळूरच्या रॅडेलने सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणला, आणि सुरुवातीला नाक मुरडणारे गवई आज सर्रास तो घेऊन फिरतात, त्यामुळे कुणी तुमच्या डबीला हसलं तर हसू द्या. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) तर १९६९ मध्येच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर मूग सिंथेसायझर घेऊन आले होते आणि गीता साराभाईंसारखी संगीत जाणणारी मंडळी त्यावर काम करत होती. हे खूळ आपल्याकडे नवीन नाही.

डावा हात. एक एलईडी, समोर एलडीआर, मध्ये काळ्या कागदाचा पडदा, आणि तो पडदा एका लाकडी पट्टीला जोडलेला जी डाव्या हाताने दाबली की पडदा सरकतो, सोडली की स्पंजच्या तुकड्यामुळे परत वर येते. ऑसिलेटरचा आउटपुट ०.१ च्या कंडेन्सरमधून, मग १०० किलोओहम, मग एलडीआर, मग १० किलोओहमचा व्हॉल्यूम. उजेड पडला की आवाज मोठा. अंधारात पूर्ण शांत होत नाही, चालतं, बोट उचललं की बंदच होतो ना. एलडीआर आळशी असतो, उजेड गेल्यावर सावकाश सावरतो, आणि इथे तो आळसच कामाला येतो, आवाज हळुवार मिटतो, नॉबसारखा तुटक वाटत नाही. खोक्याला नीट झाकण लावा, नाहीतर ट्यूबलाइटचा उजेड शिरून आवाजात १०० हर्ट्झची गुरगुर मिसळते.

अँप्लिफायर एलएम३८६, छोटा स्पीकर पण छोटा म्हणजे अगदी रुपयाएवढा नको, चार-पाच इंची जुना रेडिओचा मिळाला तर सोनं. या आयसीला इनपुट अगदी थोडा लागतो, अर्ध्या व्होल्टच्याही आत, त्यामुळे ४०१०६ थेट तिला लावली तर फक्त फाटका आवाज मिळेल, वर सांगितलेला १०० किलो-१० किलोचा जोड त्यासाठीच आहे. १ आणि ८ नंबर पाय मोकळे ठेवा, गेन (आवाज किती पट वाढतो ते) २० राहतो, तो पुरतो. पॉवरला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नका, लवकर उतरते आणि मोठा आवाज काढला की सूर डगमगतो. सहा पेन्सिल सेल घ्या, अँप्लिफायर त्यावर, आणि ऑसिलेटरच्या आयसी ७८एल०५ लावून ५ व्होल्टवर. एवढ्याने सूर दिवसभर जागेवर राहतो.

आर्डुइनोचं काय? वाईट नाही, पण साध्या उनोवर (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड) मोझी या आवाजाच्या लायब्ररीने १६३८४ हर्ट्झचा ऑडिओ मिळतो, आवाज खरखरीत, आणि तुमचा अर्धा वेळ कोड सुधारण्यात जाणार. पट्टी वाजवायला लागल्यावर जर वाटलं की हीच पट्टी, हाच डावा हात, पण मागे सारंगीसारखा आवाज हवा, तेव्हा टीन्सी (आर्डुइनोसारखाच पण जास्त ताकदीचा बोर्ड) घ्या, ती ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिटवर आरामात चालते, पट्टी तिच्या अॅनालॉग इनपुटला जोडायची की झालं. हात तेच राहतात, फक्त मेंदू बदलतो.

खेळण्यातले पियानो उघडून वायरी इकडच्या तिकडे जोडायचा नाद लागला, जो अमेरिकेतले रीड गझाला १९६० च्या दशकापासून करत आले आणि ज्याला सर्किट बेंडिंग म्हणतात, तर जत्रेत मिळणारे सेलवरचे पियानो घ्या, काळ्या डांबरी ठिपक्याच्या जवळचा क्लॉकचा रजिस्टन्स काढून तिथे १ मेगाओहमचा पॉट लावा, अख्खा पियानो वर-खाली सरकतो. पण फक्त सेलवरचे. थेट भिंतीत प्लग जाणारी कुठलीही वस्तू उघडू नका, आणि बोटाने उघड्या तारेला हात लावायचा आहे असं वाद्य, म्हणजे ही पट्टी धरून, अॅडॅप्टरवर चालवू नका. स्वस्त अॅडॅप्टरमधून धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय, तेच इथे तारेतून बोटात येणार. हेडफोन लावायचा असेल तर आधी आवाज पूर्ण कमी करून, चौकोनी लाट कानाला फार लागते.

शेवटचं, गुणगुण. वाद्य सेलवर असूनही मिक्सरला जोडल्यावर मागे एक बारीक घूं आली तर ती घरच्या विजेची ५० हर्ट्झची, पांढरी पाचच्या जरा वर, तुमच्या काळी एकच्या तानपुऱ्याशी अजिबात न पटणारी. खोक्याच्या आतून अॅल्युमिनियम फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडा, पट्टीपासून आयसीपर्यंतची वायर शील्डवाली घ्या आणि वीतभरापेक्षा लांब ठेवू नका, आणि लॅपटॉप मिक्सरला जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा घूं तिथूनच येत असते.